दुसरा पेशंट

कबनूरला मागावर काम करणाऱ्या वीरेशला तुटलेला धागा बांधता येईना, तिथून त्याच्या दुखण्याची सुरुवात झाली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि असा पेशंट आजवर पाहिला नाही म्हणाले.

धाकटी बहीण शांभवी कॉम्प्युटर शिकलेली. तिनं २००७ साली एक प्रोग्रॅम लिहिला. जगभरातले सगळ्यांना खुले असलेले वैद्यकीय लेख तो रोज आपोआप चाळायचा आणि त्या आजाराचे किती लेख सापडले ते सांगायचा. वर्षभर रोज शून्यच यायचं. आज पहिल्यांदा एक आला.

"काय गावलं का गं?" अंथरुणावरून वीरेशनं विचारलं.

"गावलं की अण्णा. डिट्टो तुझ्याच आजाराचा एक पेशंट हाय."

"बरा झाला का त्यो?"

शांभवीनं लेख उघडला आणि वाचता वाचता स्क्रीन त्याच्यापासून दुसरीकडे फिरवली.

"असू दे," कितीतरी दिवसांनी वीरेश हसला. "म्हंजे जगात मी एकटाच न्हाय."



लेख त्याच डॉक्टरांचा होता. आत लिहिलं होतं, 'कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका माग कामगाराला तुटलेला धागा बांधता येईना.'