पासवर्ड उमरावकाकांना विचारा

"विरोधात कोण?" असं वीरेंद्रने विचारलं आणि एकच हात वर गेला. उमरावचा.

"काऊन गा काका? सारं मंडळ हो म्हणून राहिलं," वीरेंद्र वैतागला. तो कबड्डी मंडळाचा अध्यक्ष. गोंदियाच्या स्टेडियमवर जिल्ह्याचे सामने पंधरा दिवस चालणार होते. प्रेक्षकांना फुकट वायफाय द्यायचं की नाही, एवढाच विषय होता.

"सामने पाहायले येतेत का मोबाइल पाहायले?" उमराव म्हणाला.

"देवरीची पोरगी इथं चढाई करते अन् तिची माय तिकडं घरी बसून राहते. तिले दाखवायचं नाही का? चार हजार माणसं जमली का टावरच बसते. फोन म्हणजे नुसता डब्बा."

"डब्बाच बरा."

सगळे हसले.

खरं कारण वेगळं होतं आणि ते उमराव कुणाला सांगणार नव्हता. फोनचा डब्बा होतो, म्हणूनच तो प्रत्येक स्पर्धेला नागऱ्याहून रोज ऑटो धरून यायचा. इथे लोक फोन खिशात टाकत आणि शेजारच्याशी बोलत. पकड कशी सुटली, बोनस खरा होता का, तुमच्या वेळी असं होतं का काका. चार तास माणसांचा आवाज कानावर पडायचा. मागच्या कार्तिकात हिमांशूची माय गेली, तेव्हापासून घरात तेवढाही आवाज नव्हता. मुलगा हिमांशू आणि सून आपापल्या मोबाइलमध्ये. उमरावला वाईट वाटेल म्हणून गेलेलीचा विषय कुणी काढत नसे. त्याला स्वतःलाही काढता येत नसे. बायकोचं नाव घ्यायची त्यांच्यात रीतच नव्हती. एक्केचाळीस वर्षं त्याने तिला "आयकली का व" म्हणून हाक मारली, चारचौघांत 'हिमांशूची माय' म्हटलं. लग्नात सगळ्यांनी अडवून धरलं तेव्हा एकदाच नाव घेतलं होतं, तेही मान खाली घालून.

वायफाय मंजूर झालं. अडचण निघाली ती पासवर्डची. चाचणीच्या दिवशी तो फळ्यावर लिहिला, तर बाहेरच्या टपऱ्या आणि अख्खा ऑटो स्टँड त्यावर सिनेमे पाहत बसला. आत कुणाला काही मिळालं नाही. तेव्हा वीरेंद्रला चेष्टा सुचली.

"ज्याले नोको हाये, त्याच्याच हाती चावी देऊ. पायऱ्यांवर बसला त्यालेच सांगायचा काका, तोंडी. अन् पासवर्ड तुमीच ठेवा. बाहेरच्याले सुचू नये असा."

वायरिंग करणाऱ्या चंद्रकुमारने कागद पुढे केला. "आठ अक्षरं तरी पायजेत काका, इंग्रजीत."

उमरावने मराठीतच एक शब्द लिहिला आणि कागद दुमडून दिला. चंद्रकुमारने उघडून बोटांवर अक्षरं मोजली. "इंग्रजीत नऊ होतेत. चालते."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं : पासवर्ड उमरावकाकांना विचारा.

पहिली आली नीतू. देवरीच्या संघातल्या दामिनीची बहीण. दामिनी मैदानात उतरली होती.

"काका, पासवर्ड?"

उमरावने मान खाली घातली.

"सांगा ना लवकर! माय तिकडं वाट पाहून राहिली."

तो काहीतरी पुटपुटला.

"आयकू नाही आलं. जोराने बोला ना."

उमरावने इकडे तिकडे पाहिलं आणि जोराने सांगितलं. त्याचे कान गरम झाले. पण कुणी हसलं नाही, कुणी वळूनही पाहिलं नाही. नीतूने अक्षरं दाबली आणि फोन मैदानाकडे धरला. फोनमधून एक बाई ओरडली, "दिसून राहिली व, दिसून राहिली! आपली दामिनी!"

मग रांगच लागली. "चाचा, पासवर्ड क्या है?" कुणी अर्धाच ऐकून गेला आणि परत आला. कुणाला तो दोनदा सांगावा लागला, एका म्हाताऱ्याला कानात ओरडून सांगावा लागला. दुपारपर्यंत उमरावची जीभ सैल झाली. वरच्या पायरीवरची माणसं खालच्यांना तो शब्द ओरडून सांगत होती. प्रत्येक वेळी तो कानावर पडला की उमराव तिकडे वळून पाहायचा, आणि छातीवरचं ओझं थोडं थोडं हलकं व्हायचं. पासवर्ड घ्यायला आलेले पुढे सरकतही नव्हते. फोनवर सुटलेली पकड पुन्हा लावून त्याच्यापुढे धरत आणि विचारत, "काका, पाय धरला होता का नाही, तुमीच पाहा."

संध्याकाळी वीरेंद्र चहा घेऊन आला. "घसा बसला गा काका तुमचा. उद्या चिठ्ठ्या छापून वाटून देतो."

"नोको. इचारू दे लोकायले."

"परवा तर डब्बाच बरा म्हणत होते!"

उमराव हसला. एवढ्यात उशिरा पोहोचलेला एक माणूस धापा टाकत पायऱ्या चढून आला. "भाऊ, पासवर्ड तुमच्यापाशी हाये म्हणतेत. काय हाये?"

"जमुनाबाई," उमराव मोठ्याने म्हणाला. मग कुणी न विचारताच पुढे बोलला, "हिमांशूच्या मायचं नाव हाये."