हुशार पोर आपली आपण तरते

शिलाई करणाऱ्या बाईंची थोरली लेक परीक्षेत पहिली आली, म्हणून कॉलेजने शिष्यवृत्ती देऊन तिची फी माफ केली. तिच्यासाठी बाईंनी मशीनवर डोळे फोडून साठवलेला पैसा नवऱ्याने त्याच आठवड्यात नापास चिरंजीवांच्या प्रवेशासाठी उचलला.

"हुशार पोर आपली आपण तरते. बुडत्याला हात द्यायला नको?"

"बुडत्याला की बुडव्याला?" बाई म्हणाल्या. पण त्या घरात त्यांची कात्री चालायची, जीभ नाही.

फी माफ असली तरी पोटाला लागतंच. थोरली दुकानात राबली, गुण घसरले, शिष्यवृत्ती गेली. आता ती आईशेजारी बसून काजं-बटणं करते. चिरंजीव पहिल्याच वर्षी आपटले आणि आता नव्या कॉलेजच्या गोष्टी करतात.

यंदा धाकटीची परीक्षा; तिच्या फीसाठीही बाईंनी पैसा साठवलाय. ती थोरलीहूनही तल्लख. पेपरला निघाली तेव्हा बाईंनी तिची कॉलर सारखी केली आणि हळूच म्हणाल्या,



"सगळं येत असलं तरी एक प्रश्न सोडून ये, बाळे. दुसरी आलीस, तरच तुझा पैसा तुझ्या फीला लागेल."