अबूना म्हणाले

इन्साफनं सूपची वाटी तोंडाला लावून संपवली आणि मुलीसमोर उपडी धरून दाखवली. "बघ. तुझ्या अबूनांना सांग, थेंब ठेवला नाही."

"मी कशाला सांगू?" मार्सेल पटकन म्हणाली. "ते काय तुझं जेवण तपासतात?"

वरच्या मजल्यावरची उम्म रफीक जिन्यात थांबली होती. तिनं उघड्या दारातून डोकं आत घातलं. "मोठ्या उपवासात कोंबडीचा वास कुठून येतोय गं, इन्साफ?"

"माझ्याच घरातून. अबूनांची परवानगी आहे. तू जा वर, तुझी मसूर करपेल."

उम्म रफीक हसत वर गेली. इन्साफही हसली, मग धाप लागून थांबली. मार्सेल वाटी धुवायला वळली. 

चर्चच्या धर्मगुरूंची, अबूनांची, परवानगी मार्सेलनं आणलीच नव्हती.

रक्ताचा अहवाल बघून डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदय दमलंय, रोज अंडं, दूध, कोंबडी पोटात गेलीच पाहिजे. इन्साफनं मान डोलावली आणि घरी येऊन उकडलेले वाल खाल्ले. ईस्टरआधीचे पंचावन्न दिवस दूध नाही, अंडं नाही, मांस नाही. लहानपणापासून तिनं हा उपवास एकदाही मोडला नव्हता. मार्सेल रोज सांगायची, डॉक्टर असं म्हणालेत, डॉक्टर तसं म्हणालेत. "देवानं सांगितलं तर खाईन," इन्साफ म्हणायची. "त्याला सांगायचं असेल तर तो अबूनांकडून सांगेल."

अबूना बिसंतींपाशी ती तीस वर्षं पापं कबूल करत आली होती. मार्सेलनं त्यांना तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा बंद. मंगळवारी आईला कुणी धरल्याशिवाय पलंगावर उठून बसता येईना. मार्सेलनं दोन अंडी उकडली, बशी तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "अबूना म्हणाले, खा."

खोटं बोललं म्हणून शाळेत मुलांना वर्गाबाहेर उभं करणारी शिक्षिका होती मार्सेल. इन्साफ तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं मीठ मागितलं.

शुक्रवारी सूप. शनिवारी पहाटे ती गेली. दुपारी नदीपलीकडे नेऊन पुरलंसुद्धा.

तेव्हापासून मार्सेलच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. देव आईला विचारतोय, तुला उपवास मोडायला कुणी सांगितलं? आणि आई भोळेपणानं म्हणतेय, अबूनांनी. त्यापुढचं काही तिला बघवत नव्हतं.

सोमवार तिसरा दिवस. तिसऱ्या दिवशी अबूना घरी येऊन प्रार्थना करतात आणि आत्म्याला निरोप देतात. तोवर तो घरातच असतो. मार्सेलनं तीन दिवस आईच्या पलंगावर कुणाला टेकू दिलं नव्हतं. काळ्या कपड्यांतल्या बायकांनी खोली भरली. अबूना आले, धुपाटणं पेटवायला दिलं. मार्सेल त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"अबूना, प्रार्थनेआधी मला कबूल करायचंय. मी तुमच्या नावानं..."

"खोटं बोललीस. ठाऊक आहे मला."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी मठात होतो, पोरी. तिथे फोन लागत नाही. जाण्याआधी मी तुझ्या आईला तसं सांगून गेलो होतो."

"म्हणजे आईला..."

"पहिल्या अंड्यापासून ठाऊक होतं." अबूनांनी स्टूल ओढलं, पण ते बसले नाहीत. "आणि परवानगी म्हणशील, तर मी ती पहिल्याच आठवड्यात दिली होती. दोनदा. तिनं घेतली नाही. म्हणाली, 'अबूना, डॉक्टर त्यांच्या नियमानं बोलतात, तुम्ही तुमच्या. देवाला मी इथे हवी आहे की तिथे, ते कुणी सांगत नाही. इथे कुणाला मी हवी आहे असं अजून तरी ऐकलं नाही.'"

"मी रोज सांगत होते की!"

"तू सांगत होतीस, डॉक्टर म्हणाले."

बाहेर कुणीतरी खोकलं. धुपाचा वास आत येऊ लागला.

"शुक्रवारी मी मठातून परतलो, तेव्हा तिनं मला फोन केला," अबूना म्हणाले. "तू गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस. इतकी हसत होती की मला आधी कळेचना. म्हणे, 'देवाचं उत्तर आलं, अबूना. आमची मार्सेल माझ्या तोंडावर खोटं बोलली! जन्मात पहिल्यांदा. तेही अंड्यासाठी! आता खाते बाई मी.' मी रागावलो. म्हटलं, इन्साफ, खोटं देवाकडून येत नाही. तर मलाच शिकवते, 'खोटं तिचंच हो. पण तिला ते बोलायला लागावं इतकी मी तिला हवी आहे, हे कुणी दाखवलं मला?'"

मार्सेल ओट्याची कड धरून उभी होती.

"चल," अबूना हळूच म्हणाले. "निरोप द्यायला हवा."

"थांबा. एक मिनिट थांबा."

बायकांनी पाय आवरून तिला वाट करून दिली. ती पलंगाजवळ गेली. उम्म रफीकनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिला जाणवलाही नाही. मागे अबूनांच्या हातात धुपाटण्याची साखळी वाजली.

"मम्मा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "हे अबूना म्हणत नाहीत. डॉक्टरही म्हणत नाहीत. मी म्हणतेय. जाऊ नकोस."