गिरणीच्या पट्ट्यावर फियाट

१९९५ साल. फेब्रुवारीतला शनिवार, दुपारचे तीन. इंदापूर तालुक्यातल्या कळसमध्ये, कुशाबाईंच्या पिठाच्या गिरणीसमोर सुमितची फियाट बॉनेट उघडून उभी होती. गिरणीला लागूनच एसटीडी बूथ होता. बूथ चालवणारी सुमितची बहीण ज्योत्स्ना इंजिनाचा आवाज फोनवर ऐकवायला रिसीव्हरची तार ताणून खिडकीतून जवळजवळ बाहेर आली होती.

फोनवर पुण्याचे जोतीराम मिस्त्री होते. शर्यतीच्या गाड्यांचं इंजिन जुळवावं तर त्यांनीच, असं लोक म्हणत. पण गाडी समोर असल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. आता त्यांचा पाय प्लॅस्टरमध्ये होता आणि शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी होती. घाट चढायची शर्यत. सुमितची गाडी त्या घाटात दोनदा अर्ध्यावर बंद पडली होती. तिसऱ्यांदा पडली असती, तर शर्यत भरवणाऱ्या क्लबनं तिचं नाव पुन्हा घेतलं नसतं.

"आवाज छान आहे," मिस्त्री म्हणाले. "मागच्या दोन्ही वेळेलाही छानच असणार. उभ्या गाडीला काय होतंय? तिच्यावर ओझं टाक, मग ती खरं बोलेल."

ज्योत्स्नानं निरोप ओरडून सांगितला. सुमितनं कपाळ पुसलं. कळसच्या आसपास कुठं घाट नव्हता, आणि असता तरी फोन तिथपर्यंत गेला नसता.

कुशाबाई दारात डबे लावत होत्या. त्या म्हणाल्या, "वझं पायजे व्हय? मग माजा पट्टा लाव की."

"काकू, ही शर्यतीची गाडी हाय."

"आमच्या मालकांनी जीपवर गिरणी चालवलीया, इंजान बिघडलं तवा. तुजी काय लई उच्च कुळातली हाय?"

अर्ध्या तासात सुमितनं चाकांना दगड लावले, मागचं एक चाक जॅकवर उचललं आणि त्याचा टायर उतरवला. डिझेल इंजिनावरचा पट्टा काढून नुसत्या रिमवर चढवला. लोकांच्या डब्यांना हात न लावता कुशाबाईंनी घरची ज्वारी आणली आणि वरच्या टोपात ओतली. सुमितनं गिअर टाकला. पट्टा फडफडला, ताणला गेला आणि गिरणीचा दगड फिरू लागला.

कुशाबाईंनी दगड आवळला, ओझं वाढलं, तशी गाडी खोकली.

"ऐकलं," मिस्त्री म्हणाले. "आता कळलं. मागच्या कार्ब्युरेटरचा पेट्रोल सोडणारा जेट बदल. मोठा घाल."

जेट बदलला. पुन्हा दगड फिरला. मिस्त्री कान देऊन ऐकत होते. मग त्यांचा आवाज उतरला. "ज्योत्स्ना, मला नुसती जात्याची घरघर येतीय. बारीक आवाज फोनमध्ये मरतोय. ह्यापुढं अंदाज होईल, ट्यूनिंग नाही. सुमितला सांग, उद्या जाऊ नको."

ज्योत्स्नानं ते ओरडून सांगितलं नाही. गाडीपाशी जाऊन सांगितलं. सुमितनं इंजिन बंद करायला किल्लीकडे हात नेला.

"थांब," कुशाबाई म्हणाल्या. गिरणीच्या तोंडाखाली हात धरून त्यांनी पिठाची चिमूट अंगठ्यानं चोळली. "त्या मिस्त्रीला सांग, मऊ येतंय, मऊ येतंय, आन् मधीच चिमूटभर भरड. दगड दम सोडतोय. गाडी चुकतीया म्हणून सोडतोय. मला कानानं न्हाय कळत, पर हाताला लागतंय."

ज्योत्स्ना फोनकडे धावली. तिनं कुशाबाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मग मिस्त्रींनी विचारलं, "बाईंचं नाव काय?"

"कुशाबाई."

"कुशाबाईंना म्हणावं, मी एकेक बदल सांगतो. तुम्ही पीठ बघून मला सांगा. तुम्ही म्हणाल तिथं थांबू."

मग ते सुरू झालं. मिस्त्री पुण्यात खाटेवर पडून सांगत, ज्योत्स्ना एका कानात बोट घालून ओरडे, सुमित स्क्रू पाव फेरा फिरवी आणि कुशाबाई चिमूट चोळत. "भरड." पुन्हा पाव फेरा. "भरड, पर कमी." मिस्त्रींनी ठिणगीची वेळ केसभर मागं घ्यायला सांगितली. "आता जास्त भरड. कुणी सांगितलं हे?"

"मीच," मिस्त्री म्हणाले. "चुकलो. निम्मं परत आण."

सुमितनं निम्मं परत आणलं. कुशाबाईंनी दगड आणखी आवळला, इतका की पट्ट्यातून जळका वास आला. गाडीचा सूर हलला नाही. त्यांनी एक चिमूट घेतली, दुसरी घेतली, तिसरी घेतली.

"मऊ."

"पुन्हा बघायला सांग," मिस्त्री म्हणाले.

"मऊ हाय म्हनलं ना. का भाकरी करून धाडू पुण्याला?"

फोनमधून मिस्त्रींचं हसू ज्योत्स्नाला ऐकू आलं. "बॉनेट लाव म्हणावं. आता कुणी हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी गाडी न थांबता घाट चढली. सतरा गाड्यांत नववी आली.

सुमितनं पुढं बारामतीत गॅरेज काढलं. आज तो लॅपटॉपवर दूरच्या गाड्यांचंही इंजिन जुळवून देतो, पण मालकाला गाडी चढावर नेऊन आणायला लावल्याशिवाय काम संपलं म्हणत नाही. मोबाइल आल्यावर बूथ बंद पडला आणि ज्योत्स्ना पिंपळीच्या शाळेत शिक्षिका झाली. जोतीराम मिस्त्री त्यानंतर फोनवर कामं घेऊ लागले. खेड्यातून फोन आला की आधी विचारत, "जवळ गिरणी आहे का?" कळसला यायचं त्यांनी दोनदा ठरवलं, पण जमलं नाही.

कुशाबाईंनी चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत गिरणी चालवली. मिस्त्री वारल्याचं सुमितनं येऊन सांगितलं, तेव्हा त्या दगडाला टाकी लावून खाचा पाडत होत्या. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"तोंड न्हाय बघितलं त्याचं कधी," त्या म्हणाल्या. "पर बाईमाणसाचं ऐकून घेनारा हुता."