शेवटच्या डब्यातल्या बॉबिना

शुभांगीबाईंनी अर्धवट शिवलेला ब्लाउज बाजूला सारला आणि शिलाई मशीनवर आगगाडीचा डबा उलटा ठेवला. नवऱ्याच्या या खेळण्यातल्या गाडीला हात लावायची त्यांची ही पहिलीच वेळ. एरवी नागसेनराव गाडीच्या टेबलाकडे कुणाला फिरकू देत नसत. झाडू मारायलासुद्धा परवानगी लागायची.

नागसेनराव शेजारीच खुर्चीत बसले होते. उटनूरच्या कचेरीत कारकुनी करता करता त्यांनी हे पाच डबे स्वतः बनवले होते, पुठ्ठा आणि पत्रा कापून. प्रत्येक डब्यावर 'आदिलाबाद – नागपूर' असं रंगवलं होतं, कारण दरसाल दसऱ्याला दीक्षाभूमीला जायचं म्हणजे त्यांच्या मनात आगगाडीच यायची. उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. गाडी खोक्यात गेली. पुतण्या हर्षदीपला देऊन टाक, असं त्यांनीच सांगितलं आणि उद्या तो भैंशाहून ती न्यायला येणार होता.

अर्पिताने, म्हणजे त्यांच्या मुलीने, हैदराबादहून पाठवलेलं पाकीट झटक्याच्या आधीपासून तसंच पडलं होतं. आत लोखंडी चाकांच्या नव्या बोग्या, म्हणजे डब्याखाली बसवायच्या चाकांच्या चौकटी होत्या आणि डब्याला डबा जोडायची बारीक कपलिंगं. जुनी प्लास्टिकची चाकं वळणावर रूळ सोडायची, जुने आकडे निसटायचे, आणि इंजिन पुढे गेलं तरी डबे मागेच उभे राहायचे. द्यायचीच आहे तर धड करून देऊ, असं म्हणून शुभांगीबाईंनी पाकीट फोडलं. मनात वेगळंच होतं. गाडी नीट धावली तर हा माणूस ती देणार नाही, अशी त्यांना आशा होती. दिवसभर नुसतं खिडकीतून बाहेर बघत बसलेला नवरा त्यांना आता बघवत नव्हता.

मशीनचा बारीक पेचकस घेऊन त्या एकेक जुनी बोगी सोडवत गेल्या. नागसेनराव सुरुवातीला नुसतेच बघत होते. मग स्क्रू फार आवळू नको म्हणाले. मग बोगी दोन्ही बाजूंना वळली पाहिजे म्हणाले. तिसऱ्या डब्यापर्यंत त्यांच्या सूचना इतक्या वाढल्या, की शुभांगीबाईंनी एकदा चष्म्यावरून बघितलं. मनातून त्यांना बरंच वाटत होतं.

चौथा डबा जरा खाली बसला, त्यामुळे त्याचं कपलिंग तिसऱ्यातून निसटायला लागलं. मध्ये वायसर टाकायला हवा, पण एवढा पातळ आपल्या आदिलाबादेत मिळणार नाही, राहू दे आता, असं म्हणून नागसेनराव पुन्हा खिडकीकडे वळले. शुभांगीबाईंनी ब्लाउजवर लावायच्या टिकल्यांची डबी उघडली. टिकलीला मधोमध भोक असतंच. एक सोनेरी टिकली त्यांनी बोगी आणि डबा यांच्यामध्ये ठेवून स्क्रू आवळला. डबा केसभर उचलला गेला, कपलिंगं एकमेकांत बसली. नागसेनरावांनी खुर्ची पुढे ओढली.

पाचवा डबा शेवटचा, पाठीवर पिवळी फुली असलेला. त्याचा स्क्रू गंजून जाम झाला होता, म्हणून आतून धरायला त्यांनी छप्पर काढलं. आत तळाला शिलाईच्या बॉबिना ओळीने चिकटवलेल्या होत्या. एकीवर लाल धागासुद्धा तसाच होता.

"ह्या त माह्या बॉबिना हायेत," शुभांगीबाई म्हणाल्या.

नागसेनराव ओशाळले. डबा हलका होता, वळणावर उडायचा, त्याला वजन पाहिजे होतं, असं ते हळूच म्हणाले. शुभांगीबाईंना आठवलं, या बॉबिनांसाठी त्यांनी सगळं घर पालथं घातलं होतं. शिवण शिकायला येणाऱ्या भागीरथाबाईंवर त्यांचा संशय होता. बोलून दाखवला नव्हता, पण चहा विचारणं बंद केलं होतं आणि भागीरथाबाईंनीही येणं बंद केलं.

"आता लोखंडी चाकाईचं वजन भरते," नागसेनराव म्हणाले. "तुह्या तू काढून घे."

शुभांगीबाईंनी एका बॉबिनेखाली पेचकस घातला, पण तो तसाच काढून घेतला, आतून धरून जाम स्क्रू सोडवला, नवी बोगी बसवली आणि छप्पर लावून टाकलं.

"राहू द्या. इतकी वर्सं गाडीत बसून हिंडल्या. आता मशीनीत कायले येतीन त्या?"

टेबलावर रूळ मांडले. वेग वाढवायचं बटण कायम उजवीकडे असायचं, ते शुभांगीबाईंनी डावीकडे आणून ठेवलं. नागसेनराव त्याच्याकडे बघत राहिले. मग डाव्या हाताने त्यांनी ते फिरवलं.

इंजिन सुटलं. वळण आलं. एक, दोन, तीन डबे गेले, टिकलीवाला चौथा गेला, आणि त्याच्यामागे फुलीचा डबाही वळून आला. स्टेशनात फुली दिसली म्हणजे मागे काही राहिलं नाही, एवढं शुभांगीबाईंनाही ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

"गाडी पुरी आली," नागसेनराव म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते, आणि पुसायचा हात बटणावर होता. "मले वाटे, हाताबराबर समदंच गेलं. तू वापस आनलं, अर्पिताचे माय. तुहे लय उपकार हायेत माह्यावर."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आलं होतं. शुभांगीबाईंनी पदराने आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे. गाडी दुसऱ्या फेऱ्याला निघाली होती.

हर्षदीपला आता काय सांगायचं, असं नागसेनरावांनी विचारलं. त्यांचा हात बटणावरून निघाला नव्हता.

"जेवाले बोलावते त्याले. भागीरथाबाईले बी बोलावते," शुभांगीबाई म्हणाल्या. "दोघाईले गाडी दाखवू. पन भागीरथाबाईपुढं ह्या डब्याचं छप्पर तुमीच उघडाचं. डाव्या हातानं."