निळं दार
सिनेमासाठी धाकटी कॉम्प्युटरवर एक उडती गाडी घडवत होती, फोटोंचे तुकडे जोडून. पोटाला देवमाशाची कातडी, खिडक्या जुन्या बसच्या, पंख शिडाच्या कापडाचे. दार मात्र जमेना. शेवटी मन घट्ट करून तिने दादाच्या जीपच्या फोटोतलं निळं दार कापून गाडीला बसवलं. त्याच जीपसकट दादा दरीत कोसळला होता. तेव्हापासून आईने जीपचं नावही काढलं नव्हतं. चहा घेऊन आलेली आई स्क्रीनसमोर थबकली. "हे दार त्याच्या जीपचं ना?" "हो. काढून टाकू?" "राहू दे. शोभतंय." आईने डोळे टिपले. "सिनेमात या गाडीचं काय होतं गं?" पटकथेत ती डोंगरावर आपटून जळणार होती. "सगळ्यांना घेऊन सुखरूप उतरते," धाकटी म्हणाली. आई आत गेली. धाकटीने दार अलगद उचललं आणि त्याच पटकथेत खरोखरच सुखरूप उतरणाऱ्या दुसऱ्या उडत्या गाडीला बसवलं.