हद्दीचा चर

कृष्णाकाठच्या मळईत भागोजी हद्दीचा चर खणत होता. पलीकडे शेंगा उपटणारी त्याची भावजय केसरबाई ओरडली, "भावजी, ही पुराची वाळूसर माती आहे. पाणी झटकन पिते, पण उभी कापलीत तर ढासळते."

"तुझी गुरं माझ्या रानात येता कामा नयेत," तो आतूनच गुरगुरला आणि आणखी खोल उतरला.

दुपारी चराची कड खचली. भागोजी गळ्यापर्यंत गाडला गेला. केसरबाई धावत आली. फावडं त्याला लागेल म्हणून तिने नखं फुटेपर्यंत हातांनीच माती उपसली.

छाती मोकळी होताच तो खोकत म्हणाला, "माझ्या हद्दीत कुणाला विचारून आलीस?"

केसरबाईने ओंजळीतली माती त्याच्यापुढे टाकली. "घ्या, तुमचीच आहे," ती म्हणाली आणि त्याला कमरेपर्यंत गाडलेला तसाच सोडून शेंगांकडे परतली.